बाबा, आई आणि वरची कवळी

बाबा गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात आईची वरची कवळी मोडली. टोस्ट चहात नीट बुडवायचा राहिला, एवढंच निमित्त. कट्ट असा आवाज झाला, आई थबकली, तोंडाला रुमाल लावून उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. मी मागोमाग गेले, तर ती पलंगाच्या कडेला बसलेली आणि मांडीवरच्या रुमालात गुलाबी कवळीचे दोन तुकडे. बाबा गेले त्या दिवशी ती रडली होती, पण चार माणसांत, बेताबेतानं. त्या दोन तुकड्यांकडे बघून मात्र तिचा बांध फुटला.

ती कवळी बाबांनी केलेली होती. माझे बाबा जन्मभर लोकांचे दात करत आले.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे डॉक्टर?" नव्हे. डॉक्टर तोंडात बघतो, हिरड्यांचा साचा घेतो आणि पुढच्या माणसाला आत बोलावतो. तो साचा कागदी पिशवीतून मागच्या गल्लीत एका दुसऱ्या मजल्यावर जातो. तिथे लांबट खोलीत टेबलं लावून काही माणसं बसलेली असतात. कुणी प्लास्टर कालवतंय, कुणी मेण वितळवतंय, कुणी फिरत्या चाकावर कवळी घासून गुळगुळीत करतंय. खिडकीजवळचं टेबल बाबांचं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण नव्या माणसाला शिकवायचं काम आपोआप त्यांच्याकडे यायचं आणि त्यांना नाही म्हणता यायचं नाही. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया पांढऱ्या करून. आई दारातच अडवायची. "आधी झटका, मग या," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की कितीतरी दिवस मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा घरात येण्याआधी झटकून घेतले जातात.

आमच्या घरात फोटोंचे अल्बम फारसे नाहीत. दात आहेत. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात, जिथे इतरांकडे कपबश्या आणि शोभेच्या बाहुल्या असतात, तिथे आमच्याकडे प्लास्टरचे जबडे मांडलेले आहेत. शाळा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी बाबा मला आणि धाकट्या भावाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवायचे, पुदिन्याच्या वासाचा गार लगदा तोंडात घालायचे आणि म्हणायचे, "नाकानं श्वास घ्या, पायाचे अंगठे हलवा." अंगठे हलवले की ओकारी येत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. मी आजही कसली भीती वाटली की पायाचे अंगठे हलवते, आणि उपयोग होतो. मग त्या साच्यात प्लास्टर ओतून माझा त्या वर्षीचा जबडा कपाटात जायचा. दुधाचे दात, पडलेल्या दातांच्या खिडक्या, पुढे आलेले सुळे, सगळं ओळीनं. पाहुणे पहिल्यांदा आले की चहा घेता घेता त्यांची नजर तिकडे जायची आणि चहा तसाच राहायचा.

माझं लग्न ठरायच्या वेळी तर कहर झाला. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला. बाबांनी त्याची नोकरी विचारली नाही, घरदार विचारलं नाही. त्याला हसवण्यापुरतं काहीतरी बोलले आणि तोंडाकडे टक लावून बघत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "झोपेत दात खातो. कडा घासल्यात. म्हणजे राग पोटात ठेवतो. तुला बरा आहे." मी म्हटलं, मला बरा कसा? तर म्हणाले, "तू काही पोटात ठेवत नाहीस ना. एका घरात दोघं राग गिळणारे असले तर घर आजारी पडतं." माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नाक बाबांचं, राग आईचा. पण माझ्या रागाचं असं कौतुक करणारा माणूस जगात तो एकच होता. लग्नानंतर महिन्याभरात नवऱ्याचाही जबडा कपाटात आला. तो अजून म्हणतो, सासरी आपण खरे जावई झालो ते त्या दिवशी.

बाबांची कामाची रीत निराळी होती. कवळीचे दात कंपनीतून सरळ, एकसारखे येतात, ते ओळीत लावले की काम झालं. पण बाबा त्या माणसाचा जुना, हसतानाचा फोटो मागायचे. फोटो नसला तर भाऊबहीण गाठून विचारायचे, पुढच्या दातांत फट होती का, एखादा दात दुसऱ्यावर चढला होता का. मग तसंच करायचे. एखाद्याचा कोपरा झिजवायचे, एखादा किंचित फिरवायचे. काही लोक खवळायचे. नवे दात करायचे तर ते वाकडे कशाला? बाबा शांतपणे म्हणायचे, "सरळच हवेत तर फरशीवाल्याकडे जा."

शेजारच्या टेबलावर मेणकाका बसायचे. मेणाचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमायचं नाही, म्हणून आम्ही पोरांनीच ठेवलेलं नाव. ते सरळ दातांच्या पक्षाचे. दोघांत त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि दोघं वर्षानुवर्षं एकाच डब्यात जेवले.

आईचे दात लवकर गेले, आम्ही दोघं शाळेत असतानाच. हिरड्यांचं दुखणं होतं. डॉक्टरांनी शेवटी सगळेच काढले. वरचा डावीकडचा एक दात तिचा जन्मापासून फिरलेला होता. त्या दातापायी ती तरुणपणी फोटोत कधी हसली नाही. बाबांनी तिची कवळी केली आणि तो दात होता तसा, होता तितकाच फिरवून बसवला. आईनं आरशात बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "ज्या दातानं मला आयुष्यभर छळलं तो एकदाचा गेला, तर परत आणून बसवलात?" बाबा म्हणाले, "मी लग्न त्या दाताशी केलंय." पुढे अनेक वर्षं ती त्यावरून कुरकुर करत राहिली, पण दात तसाच राहिला.

आता आमच्या घराची खरी गोम सांगते. बाबांना गोष्ट सांगता येत नसे. सुरू करायचे आणि ऐन मध्यावर, "असो, काय एवढं नाही," म्हणून मोकळे व्हायचे. बाबांच्या आयुष्यातलं जे काही आम्हाला ठाऊक आहे, ते सगळं आईच्या तोंडून. ते तिला रात्री दोन वाक्यांत सांगायचे, ती सकाळी आम्हाला त्याचं महाभारत करून ऐकवायची, हातवारे करून, आवाज काढून. बाबा समोर बसून अशी मान हलवायचे, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाला झालंय.

उदाहरणार्थ वकिलाची गोष्ट. एका नामांकित वकिलाची कवळी बाबांनी केली. आठवड्यानं तो तणतणत आला. कोर्टात 'साक्षीदार' म्हटलं की शिट्टी वाजते, सगळे हसतात. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून शंभरदा म्हणायला लावलं, शिट्टी नाही. बाबांनीही ऐकलं, नाही. वकील निघून गेला आणि पुन्हा तणतणत आला. शेवटी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांना दिसलं, की न्यायाधीश बसतात उंचावर, त्यामुळे वकील हनुवटी वर करून बोलतो. खुर्चीत तो मान खाली घालून बोलायचा. मग बाबांनी त्याला कपाटावरच्या घड्याळाकडे बघून 'साक्षीदार' म्हणायला लावलं, शिट्टी वाजली, आणि पुढच्या दाताची मागची बाजू जराशी घासल्यावर ती गेली. आईनं सांगायला घेतलं की कोर्टाचं दार कसं करकरतं इथपासून सुरुवात व्हायची, आणि वकिलाची शिट्टी ती अशी वाजवायची की आम्ही हसून हसून लोळायचो. ती शिट्टी मला लिहिता येत नाही. सांगताही येत नाही.

तर त्या आईची कवळी मोडली.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती आमच्याच घरात व्हावी ह्याला काय म्हणावं. मोडलेली कवळी घरी चिकटवू नका, हे बाबा उभा जन्म लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगत होते. "कपाचा कान नाही तो, तोंडात घालायचाय." असली चिकटवलेली कवळी घेऊन कुणी आलं की ह्या शांत माणसाचाही पारा चढायचा. आणि त्यांच्या स्वतःच्या मुलानं काय करावं? धाकटा दुसऱ्या दिवशी दुकानातून क्षणात चिकटणारा गोंद घेऊन आला आणि माझी पाठ वळलेली बघून त्यानं ते दोन तुकडे जोडून टाकले. जोड सरकला. केसभर असेल, पण तोंडात केसभर म्हणजे पुष्कळ. आई बिचारी मुलाचं मन मोडू नये म्हणून ती घालून बसली. संध्याकाळपर्यंत हिरडीला जखम झाली होती.

"अरे, कुणाचा मुलगा आहेस तू?" मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं.

"ताई, मला वाटलं तिला बरं वाटेल," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढचं गिळलं. बाबा असते तर म्हणाले असते, एकदा तरी राग गिळलास.

आईनं वरची काढून ठेवली. खालची शाबूत होती, पण एकटी खालची घेऊन काय करणार, म्हणून तीही काढली. आणि तिनं बोलणं बंद केलं. तोंडावर रुमाल घेऊन बसायची. विचारलं की मानेनं हो किंवा नाही. खाणं म्हणजे सूप, दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेला बटाटा, तोही आमच्याकडे पाठ करून. बघता बघता ती इतकी सुकली की अंगठी बोटातून निसटायला लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई तपासून मला बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "औषधानं होण्यासारखं नाही हे. तिला खायला लावा, आणि बोलायला लावा. नाहीतर ती उठायची नाही ह्यातून."

मला नवी कवळी करणं हा दोन दिवसांचा प्रश्न वाटत होता. कपाटात आईचाही जबडा होता, बाबांनी कवळी करताना घेतलेला. तो कागदात गुंडाळून मी मेणकाकांकडे गेले. ते अजूनही खिडकीशेजारीच बसतात, बाबांचं टेबल तसंच रिकामं ठेवून. त्यांनी तो साचा हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "सुंदर घेतलाय. पण उपयोगाचा नाही. हिरड्या वर्षागणिक खचतात. ह्याच्यावर केली तर दुसऱ्या दिवशी टोचेल. वहिनींना यावं लागेल. नवा साचा घ्यावा लागेल."

घरी येऊन सांगितलं. आईनं मान हलवली, नाही. मी समजावलं, नाही. मी चिडले, तरी नाही. शेवटी तिनं रुमालाआडून बोबडं बोबडं एकच वाक्य म्हटलं. "दात काढल्यापासून माझ्या तोंडात ह्यांच्याशिवाय कुणी हात घातला नाही." कवळी आल्यापासून बिनदाताची आई जगात फक्त बाबांनी बघितली होती. आम्ही मुलांनीही नाही. ते दार तिनं त्यांच्यामागे लावून घेतलं होतं.

लोक भेटायला येतच होते. कुणाकुणाला बाबांनी दात दिले होते ते मला त्या दिवसांत कळलं. बस चालवणारे, शाळेच्या बाई, एक निवृत्त कप्तान, एक म्हातारी गायिका. सगळे येऊन बसायचे, बाबांबद्दल काही ऐकावं म्हणून आईकडे बघायचे, आणि आई रुमालाआड गप्प. मग आम्ही मुलं बोलायचो, वेळ मारून न्यायचो. मला जाणवत होतं की बाबा आमच्या हातून निसटत चाललेत. त्यांच्या गोष्टी आमच्या नव्हत्याच, त्या आईच्या होत्या. आम्ही फक्त ऐकणारे.

एका रविवारी ती गायिका आली असताना धाकट्यानं वकिलाची गोष्ट सांगायला घेतली. त्यानं वकिलाचा न्यायाधीश केला. कोर्टाचं दार विसरला. शिट्टीच्या आधीच शिट्टी का वाजत होती ते सांगून टाकलं, आणि मग स्वतःच, "म्हणजे, असं काहीतरी," म्हणून थांबला. गायिका सभ्यपणे हसली. आई खुर्चीत पुढे सरकली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. ती हातानं नाही नाही करत होती, वर बोट दाखवत होती, म्हणजे न्यायाधीश वर, वर बसतात. धाकट्याला काही कळेना. तो म्हणाला, "पाणी हवंय का आई?" तिनं शेजारच्या टेबलावर जोरानं थाप मारली. कप उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ती बाहेरचे कपडे करून, पायात बूट घालून पलंगावर बसलेली. मला बघून उठली आणि दाराकडे चालू लागली. कुठे म्हणून विचारायची गरज नव्हती.

दातांच्या डॉक्टरांनी आपली खुर्ची मोकळी करून दिली आणि साचा घ्यायला ते स्वतः पुढे झाले. आईनं त्यांना हातानं बाजूला केलं आणि मेणकाकांकडे बोट दाखवलं. परका हात घालून घ्यायचाच, तर जो बाबांच्या शेजारी बसला त्याचा. मेणकाकांनी हात दोनदा धुतले. मला वाटतं ते घाबरले होते. आईनं रुमाल माझ्याकडे दिला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्या बुटांकडे माझी नजर गेली तेव्हा आतले अंगठे हलत असल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. कवळी एका दमात होत नाही. आधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. मेणात असेपर्यंत काहीही बदलता येतं, मग पक्कं करतात. मेणकाका म्हणाले, "पटकन बघून घेऊ, वहिनी. तोंडाच्या उबेनं मेण मऊ पडतं, दात सरकतात. चावायचं नाही, फक्त बोलायचं." आणि त्यांनी जपून ती वर बसवली, खालची आईची जुनी.

आईच्या हातात त्यांनी आरसा दिला. तिनं ओठ उघडले. वरचा डावीकडचा दात होता तसा, होता तितकाच फिरलेला. मेणकाकांनी, सरळ दातांच्या पक्षाच्या त्या माणसानं, जन्मात पहिल्यांदा वाकडा दात बसवला होता.

आईनं आरसा जवळ आणला. मग म्हणाली, "तुम्ही तरी सरळ करायचा होता, भावजी."

किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला मी.

"मास्तर वरून शिव्या घालतील," मेणकाका म्हणाले. ते वाकून तिच्या ओठांकडे बघत होते. "बोला वहिनी, बोलत राहा. ओठ कसा हलतो बघू दे."

"काय बोलू?"

"काहीही. त्याला चार शिव्या घाला हवं तर."

"घालणारच आहे," आई म्हणाली. "दाढी करता करता, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून गेले. अशी कुठे पद्धत असते? पहिल्यापासून हे असंच. दुसऱ्याला काही सांगायचं नाही, परस्पर काय ते करून मोकळं व्हायचं. माझे दात काढले तेव्हाही हेच. तुम्हाला आठवतंय ना? हिरड्या भरून येईपर्यंत थांबा म्हणाले होते डॉक्टर. दोन-तीन महिने मी तशीच होते. मुलांसमोर जेवायची लाज वाटायची. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या काहीतरी गिळायची. एका संध्याकाळी हे गालाला हात लावून घरी आले. म्हणाले, दाढ दुखतेय, चावता येत नाही, तुझ्यासाठी जे मऊ केलं असशील तेच मलाही वाढ."

"आठवतंय तर," मेणकाका सरळ उभे राहत म्हणाले. "महिनोन् महिने दुखत होती त्याची दाढ. मी म्हणायचो बघू दे, तर हा तोंड उघडेना. भित्रा म्हणून आम्ही किती चिडवलं त्याला."

मलाही आठवलं. मी आणि धाकटाही हसायचो, की दातवाल्याचाच दात दुखतो. टेबलाच्या एका टोकाला आई आणि बाबा शेजारी शेजारी बसून कुस्करलेलं खातायत, आणि बाबांचा गाल दुखतोय म्हणून आई त्यांना हळू जेवा, हळू जेवा म्हणतेय.

"आजारी माणसाला एकट्यानं कसं जेवू द्यायचं? म्हणून मी टेबलावर बसायला लागले," आई म्हणाली. "आणि एक दिवस हे चष्मा घरी विसरले. म्हटलं नेऊन द्यावा. तुमच्या जिन्यात वळणावर पोचले तर वर, कठड्याला टेकून, हे उभे. गाजर खात होते. कच्चं. कडाकडा, दोन्ही बाजूंनी."

मेणकाकांच्या हातातली मेण कोरायची सुरी तशीच राहिली. "म्हणजे दाढ दुखत नव्हती?"

"दुखतेय कसली. एक दात किडला नव्हता त्या माणसाचा. मी तशीच मागे फिरले. चष्मा खालच्या दुकानात दिला, म्हटलं वर पाठवून द्या. रात्री जेवायला बसले तर पुन्हा गालाला हात. मग मीही काही कमी नाही. उठले आणि लवंगेचं तेल आणून दिलं. कसलं जळजळतं ते. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं लावलं. पुढे रोज लावलं. आणि ज्या दिवशी माझी कवळी आली, त्या दिवशी ह्यांची दाढ एकदम बरी झाली. मी म्हटलं, बाई बाई, नशीबच म्हणायचं."

ती हसत होती. तोंडावर हात न ठेवता, तो फिरलेला दात दाखवत. डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण ते पुसायला तिला सवड नव्हती.

"तुम्हाला ठाऊक आहे हे कळलं का त्याला कधी?" मेणकाकांनी विचारलं.

"सांगणार होते," आई म्हणाली. "एखाद्या दिवशी निवांत सांगू, तोंड बघण्यासारखं होईल ह्यांचं, असं म्हणत इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. मग राहूनच गेलं." तिनं आरसा मांडीवर पालथा ठेवला. मग ती म्हणाली, "आणि त्या वकिलाची गोष्ट. आमच्या धाकट्यानं परवा तिची पार वाट लावली. ऐका. कोर्टाचं दार आहे ना, ते आधी करकरतं."

मी भिंतीला टेकून ऐकत उभी होते. मला कधी एवढं भरून पावल्यासारखं वाटलं नव्हतं. अशा माणसाची मी मुलगी, आणि त्याची गोष्ट सांगणारी अजून आहे. बाहेर लोक ताटकळत होते. डॉक्टरांनी एकदा आत डोकावून बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. वकील झाला, कप्तान झाला, फरशीवाला झाला. मेणकाका तिच्यासमोर स्टुलावर बसून ऐकत होते, मान हलवत, सुरी मांडीवर ठेवून.

शेवटी त्यांनी कवळी काढून घेतली, आणि आई चूळ भरायला गेली तेव्हा मला दाखवली. मेण पार मऊ पडलं होतं. दात जागचे सरकले होते, दोन तर आत कलले होते. आठवड्याचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं. काम दुसऱ्यांदा करावं लागणं म्हणजे मेणकाकांना केवढा अपमान वाटतो ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"तुम्हाला दिसत होतं ना?" मी विचारलं. "थांबवायचं नाहीत का तिला?"

त्यांनी ते सरकलेले दात रुमालात ठेवले.

"वहिनींना सांग, पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल," ते म्हणाले. "चूक माझी झाली म्हणून सांग."

मी तसंच सांगितलं.